छेदात न बसलेली बाळं : नागपूरच्या वस्तीतलं लसीकरण आकड्यांतून कसं वाचायचं

महापालिकेच्या एखाद्या झोनचं लसीकरण १०६ टक्के झालं असं कागदावर दिसलं, तर पेढे वाटू नका. शंभर बाळांतल्या एकशे सहा बाळांना लस देता येत नाही. एकतर वरच्या आकड्यात, म्हणजे अंशात, बाहेरगावची बाळं मोजली गेलीत, नाहीतर खालचा आकडा, म्हणजे छेद, तोकडा धरलाय. नागपुरात बरेचदा दोन्ही झालेलं असतं. आणि ज्या बाळापर्यंत लस पोहोचलीच नाही, ते बहुधा त्या छेदात धरलेलंच नसतं. यादीत नाव नाही, म्हणून ‘बाकी’च्या रकान्यातही नाव नाही.

मी डॉक्टर नाही. आकडेमोड करणारा माणूस आहे. उत्तर आणि पूर्व नागपुरातल्या काही वस्त्यांमध्ये महिला आरोग्य समितीच्या बायकांसोबत रजिस्टरं उघडून बसताना जी रीत हाती लागली, ती इथे मांडतोय. समितीतल्या बायका, समाजकार्याचे विद्यार्थी, छोट्या संस्था, नागरी आरोग्य केंद्रातले कर्मचारी, कुणालाही ती वापरता येईल. लागतं काय? एक वही, एक मोबाईल, गुगल शीट येणारं एखादं पोरगं आणि तीनेक महिने.

पायरी १ : प्रश्न लहान करा

‘नागपुरात लसीकरणात विषमता आहे का?’ हा प्रश्न भाषणाला बरा. कामाचा प्रश्न असा असतो : ‘नाल्याकाठच्या या झोपड्यांत आणि शेजारच्या तीन लेआउटमध्ये मागच्या वर्षी जन्मलेल्या किती बाळांना पेंटाचा पहिला डोस मिळालाच नाही?’ जागा ठरलेली, वय ठरलेलं, लस ठरलेली.

राष्ट्रीय वेळापत्रकात लसी पुष्कळ आहेत. सगळ्यांच्या मागे लागाल तर पहिल्याच आठवड्यात थकाल. तीनच धरा. पेंटा-१, जी दीड महिन्याला देतात. पेंटा-३, जी साडेतीन महिन्याला. आणि एमआर-१, म्हणजे गोवर-रुबेलाची पहिली, नऊ महिने पूर्ण झाल्यावर. पेंटात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) अशा पाच आजारांवरची लस एकत्र असते. ज्या बाळाला पेंटा-१ मिळालेली नाही त्याला आरोग्य खात्याच्या भाषेत ‘झिरो डोस’ म्हणतात. जन्मल्याबरोबर दवाखान्यात बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, टोचलेलं बाळसुद्धा झिरो डोस असू शकतं. म्हणूनच मी बीसीजी मुद्दाम सोडतो. बाळंतपण दवाखान्यात झालं एवढंच ती सांगते. घरी गेल्यावर त्या वस्तीपर्यंत कुणी पोहोचलं का, ते दीड महिन्याच्या सुईवरून कळतं.

एमआर-१ घ्यायचं कारण वेगळं. गोवर इतका झपाट्याने पसरतो की तो थोपवायला ९५ टक्के मुलांना लस मिळालेली असावी लागते. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या बाजूने गोवरची साथ पसरली तेव्हा अख्ख्या शहराची सरासरी कुणाच्या कामी आली नाही. दाट वस्तीतली, लस राहून गेलेली मुलं आजारी पडली.

पायरी २ : आकडे गोळा करा

वरून खाली या. सगळ्यात वर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. त्याच्या २०१९–२१ च्या फेरीत एक ते दोन वर्षांच्या मुलांचं पूर्ण लसीकरण देशात ७६.४ टक्के आणि महाराष्ट्रात ७३.५ टक्के निघालं. त्याआधीच्या फेरीत महाराष्ट्र ५६ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे सुधारणा मोठी, पण तरीही देशाच्या मागे. हा आकडा भाषणात छान वाजतो, वस्तीत मात्र निरुपयोगी. एका जिल्ह्यात सरासरी नऊशेच्या आसपास घरं, त्यात त्या वयाची मुलं मोजकीच. त्यातून आशीनगर झोन आणि लक्ष्मीनगर झोन वेगळे काढता येत नाहीत. कुणी काढून दाखवले तर त्याच्यापासून जपून राहा.

त्याखाली एचएमआयएस, म्हणजे आरोग्य खात्याची दर महिन्याची नोंद. किती डोस दिले ते यात असतं, कुणाला दिले ते नसतं. बाळनिहाय नोंद यू-विन या सरकारी पोर्टलवर होते, पण ती तुम्हाआम्हाला बघायला मिळत नाही, आणि मिळू नयेच.

खरी चीज असते नागरी आरोग्य केंद्रात. मायक्रोप्लॅन (कोणत्या दिवशी कोणत्या अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र, कोणत्या आशाकडे कोणती घरं), सत्राची टॅली शीट (दिलेल्या डोसांची मोजणी) आणि आशाताईची ड्यू लिस्ट (लस द्यायच्या बाळांची यादी). गावात असाल तर हेच कागद उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सापडतील.

इथे एक सल्ला. पहिल्याच भेटीत माहिती अधिकाराचा अर्ज टेबलावर ठेवू नका. मी ठेवला होता. पुढचे चार महिने त्या केंद्रात मला खुर्चीसुद्धा मिळाली नाही. आधी सिस्टरला भेटा, सत्राच्या दिवशी बाळाचं वजन करायला हात लावा, बायकांना रांगेत बसवा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या स्वतःच रजिस्टर पुढे करतात, कारण कागदावरचा आकडा आणि डोळ्यांना दिसणारी वस्ती जुळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तरीही आकडे मिळाले नाहीत तर २००५ चा कायदा आहेच : दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्जात बाळांची नावं मागू नका, अर्ज तिथेच अडकेल आणि अडकलेलाच बरा. एवढंच मागा : मागच्या बारा महिन्यांचे, महिनावार, सत्राच्या ठिकाणानुसार, पेंटा-१, पेंटा-३ आणि एमआर-१ चे डोस. ठरलेली सत्रं किती आणि प्रत्यक्ष झालेली किती. त्या केंद्राने धरलेली लोकसंख्या आणि वर्षाला अपेक्षित बाळं. शेवटची ओळ विसरू नका, पुढचा सगळा खेळ तिच्यावर आहे.

पायरी ३ : छेद दुरुस्त करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

केंद्राने धरलेली लोकसंख्या बहुतेकदा २०११ च्या जनगणनेवरून थोडीफार वाढवलेली असते. तेव्हा नागपूर शहर २४ लाखांचं होतं, त्यातले साडेआठ लाखांच्या आसपास लोक झोपडपट्टीत. त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात शहर रिंग रोडच्या बाहेर सांडलं. हुडकेश्वर-नरसाळा महापालिकेत आलं. पूर्वेला आणि दक्षिणेला शेतं तुटून लेआउट पडले, आणि लेआउटच्या कडेने बांधकामावरच्या मजुरांच्या ताडपत्र्या उभ्या राहिल्या. ही माणसं २०११ च्या कागदात कुठून असणार?

अंदाजाचा हिशोब सोपा आहे. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास. आठ हजार वस्तीच्या भागात वर्षाला १२० बाळं, महिन्याला दहा. तरुण जोडपी जास्त असतील तर याहून जास्त. तुमच्या केंद्राने त्याच भागाला ७० बाळं धरली असतील, तर ७० जणांना डोस देऊन ते शंभर टक्क्यांवर बसेल आणि पन्नास बाळं कुणाच्याही हिशेबात नसतील.

पण नुसता गुणाकार पुरत नाही. आपल्याकडच्या काही गोष्टी आकड्याला पार वाकडं करतात.

पहिली म्हणजे मोठे दवाखाने. डागा, मेडिकल, मेयो इथे बाळंतपणाला फक्त नागपूरकर येत नाहीत. भंडारा, गोंदिया, पार छिंदवाडा-शिवनीपासून बायका येतात. जन्माच्या वेळचे डोस तिथेच टोचले जातात आणि त्या झोनच्या खात्यावर चढतात. डागा ज्या गांधीबागच्या भागात आहे, तिथे जन्माचे डोस तिथल्या राहत्या बाळांपेक्षा जास्त दिसले तर नवल नाही.

दुसरी गोष्ट माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सासर पारडीला, माहेर उमरेडला. बाळाला दीड महिन्याची सुई उमरेडच्या खात्यावर पडते, अडीच महिन्याचीही. मग बाळ-बाळंतीण पारडीला येतात आणि तिसरी इथे लागते. उमरेडच्या रजिस्टरमध्ये हे बाळ ‘गळालं’. पारडीच्या रजिस्टरमध्ये पेंटा-३ झालेली बाळं पेंटा-१ पेक्षा जास्त. तिकडे खोटी गळती, इकडे उणे गळती! संगणकावर बसलेल्या पोरांना वाटतं नोंद चुकली. नोंद बरोबरच असते, बाळ गाव बदलून आलेलं असतं. उलट असंही होतं की सासरी परत आल्यावर कुणाच्याच यादीत नाव चढत नाही आणि तिसरी सुई राहूनच जाते. ही दोन बाळं कागदावर सारखीच दिसतात. वेगळी ओळखायची तर घरी जाऊन कार्डच बघावं लागतं.

तिसरी, खासगी दवाखाने. धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर या भागांत सरकारी आकडा कमी दिसला तर घाबरू नका. तिथली पुष्कळ बाळं खासगी बालरोगतज्ज्ञांकडे लस घेतात आणि ते डोस सरकारी रजिस्टरमध्ये क्वचितच चढतात. नुसता सरकारी आकडा रंगवून नकाशा केला की पश्चिम नागपूर लाल आणि मोमीनपुऱ्यासारखी दाट वस्ती हिरवी निघते. असा नकाशा मी एका बैठकीत मांडलेला पाहिलाय, आणि त्यावर कुणी हसलंसुद्धा नाही.

चौथी म्हणजे शिव. महापालिकेची हद्द संपते आणि जिल्हा परिषदेची किंवा छोट्या नगरपरिषदांची सुरू होते तिथला पट्टा. वाडी, डिगडोह, बेसा अशा भागांत मागचा रस्ता एकाचा, पुढचा दुसऱ्याचा. दोन्हीकडच्या मायक्रोप्लॅनचे कागद शेजारी ठेवा आणि गल्ल्यांवर खुणा करा. ज्या गल्लीवर एकही खूण नाही, तिथून काम सुरू करा.

मग करायचं काय? स्वतः मोजा. दहा बायकांची समिती असेल तर पाचशे घरं चार दुपारींत होतात. दारावर तीनच प्रश्न : घरात दोन वर्षांच्या आतलं बाळ आहे का, कुणी गरोदर आहे का, तुम्ही इथे किती दिवसांपासून राहता? घराला खडूने नंबर. कुलूप असलेल्या घराची वेगळी खूण करा आणि संध्याकाळी परत जा. कुलूपबंद घर ‘बाळ नाही’ म्हणून सोडलं की मोजणीवर पाणी पडलं, कारण दिवसभर कुलूप असणारं घर कामावर जाणाऱ्या आईचंच असतं. बांधकामावरच्या झोपड्या, उड्डाणपुलाखालचे लोक, मजुरांच्या ठिय्याजवळच्या भाड्याच्या खोल्या, भांडेवाडीकडे कचरा वेचणाऱ्यांची घरं, कळमन्यात हमाली करणाऱ्यांच्या खोल्या हे सगळं या मोजणीत आलं पाहिजे. मोजून झालेली यादी आशाताईच्या यादीशी लावून बघा. तुमच्या यादीत आहे आणि तिच्यात नाही, त्या नावांसाठीच हा सगळा खटाटोप.

आशाताईला दोष देण्याआधी मायक्रोप्लॅन बघा. बरेचदा ती गल्ली कुठल्याच आशाला वाटून दिलेली नसते.

पायरी ४ : दोन भागाकार, चार कप्पे

आता गणित. पोहोच म्हणजे पेंटा-१ भागिले बाळं. गळती म्हणजे पेंटा-१ मधून पेंटा-३ वजा, भागिले पेंटा-१. दोन्हीला शंभरने गुणा.

समजा, तुमच्या केंद्राखाली चार वस्त्या आहेत. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत.

अ वस्ती : बाळं १२०, पेंटा-१ झाली ११४, पेंटा-३ झाली १०८.
ब वस्ती : बाळं १२०, पेंटा-१ ११०, पेंटा-३ ८२.
क वस्ती : बाळं ६०, पेंटा-१ ३६, पेंटा-३ ३४.
ड वस्ती : बाळं ८०, पेंटा-१ ४४, पेंटा-३ ३०.

चारही मिळून ३८० बाळं, पेंटा-१ ची ३०४. बरोबर ८० टक्के. बैठकीत हा आकडा वाचला की लोक पुढच्या विषयाकडे वळतात. आता वस्ती वेगळी करून बघा. अ मध्ये पोहोच ९५ टक्के, गळती पाचच्या आसपास. ठीक चाललंय. ब मध्ये पोहोच जवळजवळ ९२ टक्के, पण गळती २५ च्या वर. बाळं येतात आणि परत येत नाहीत. क मध्ये पोहोच ६० टक्के, गळती साडेपाच. म्हणजे जी एकदा आली ती टिकली, पण चाळीस टक्के आलीच नाहीत. ड मध्ये दोन्ही वाईट : पोहोच ५५, गळती ३२ च्या जवळ.

पोहोच ८० च्या वर की खाली, गळती १० च्या आत की बाहेर, एवढ्या दोन रेषांनी चार कप्पे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीतही हेच चार कप्पे आहेत. कप्प्याचा उपयोग असा की उपाय वेगळा निघतो. ब वस्तीत नवीन सत्र लावून फायदा नाही. सत्र तिथे आहेच, पहिल्या सुईनंतर काय बिघडलं ते शोधायचं. क मध्ये आईला समजावून फायदा नाही. ती समजलेलीच आहे, तिच्यापर्यंत सत्रच गेलेलं नाही.

आणखी एक हिशोब करा, तो डोळे उघडतो. झिरो डोस बाळं अ मध्ये ६, ब मध्ये १०, क मध्ये २४, ड मध्ये ३६. एकूण ७६, त्यातली ६० क आणि ड मधली. या दोन वस्त्यांत एकूण बाळं ३८० पैकी १४०, म्हणजे ३७ टक्के. लस न मिळालेल्यांत मात्र त्यांचा वाटा ७९ टक्के. विषमता दाखवायला याहून मोठं गणित लागत नाही. सिस्टरच्या हातात महिन्याला एकच जादा सत्र असेल, तर ते कुठे जावं हे या दोन आकड्यांवरून आपोआप ठरतं.

एमआर-१ साठी पेंटा-१ शी तुलना करून आणखी एक गळती काढा. साडेतीन महिन्यांनंतर थेट नऊ महिने पूर्ण झाल्यावर यायचं असतं. मधल्या साडेपाच महिन्यांत कुटुंबं जागा बदलतात, कार्ड हरवतं, बाळ धडधाकट दिसतं. ही गळती पहिल्या गळतीपेक्षा मोठीही निघू शकते.

पायरी ५ : नकाशा, पण पायांनी

क्यूजीआयएस (संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) येत असेल तर उत्तम. नसेल तर शाळेतल्या ड्रॉइंग शीटवर काढा. केंद्र, अंगणवाड्या, सत्राची ठिकाणं, आणि तुमच्या मोजणीत सापडलेली बाळं (ठिपक्याने, नावाने नाही).

नकाशात अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका, मिनिटांत लिहा. रेल्वेरुळापलीकडची वस्ती सरळ रेषेत चारशे मीटरवर असते, पण फाटकाने वळसा घातला की पंचवीस मिनिटं. रिंग रोड ओलांडताना कडेवर बाळ आणि हाताला दुसरं असेल तर बाई तो ओलांडतच नाही. आणि ऊन! मे महिन्यात ४५ अंशांत दुपारी बाराला दोन महिन्यांचं बाळ घेऊन निघायला कुणाची सासू परवानगी देईल? मार्च ते जूनचे डोस हिवाळ्याच्या डोसांशेजारी लावून बघा. उन्हाळ्यात आकडा पडत असेल तर सत्र सकाळी लवकर सुरू करायची मागणी तुमच्या कागदात तयार झाली.

पायरी ६ : एकोणीस घरं

रजिस्टर सांगतं किती डोस दिले. घर सांगतं का नाही घेतले. दोन्ही ताडून बघायला मोठ्या सर्वेक्षणाची गरज नाही. प्रत्येक वस्तीतून एक ते दोन वर्षांची १९ मुलं घ्या, एका घरातून एकच. घरं मात्र चिठ्ठ्या टाकून निवडा. रस्त्याकडेची सोयीची घरं घेतलीत तर आकडा गोड येईल आणि खोटा येईल. तुमच्या खडूच्या नंबरांचा आता उपयोग.

कार्ड बघा. कार्ड नसेल तर आईला विचारा, पण ते उत्तर वेगळ्या रकान्यात लिहा. मांडीला सुई किती वेळा, तोंडात थेंब किती वेळा, हे आयांना बरेचदा आठवतं. तारखा आठवत नाहीत. १९ पैकी १३ किंवा जास्त मुलांना पेंटा-३ मिळालेली असेल तर ती वस्ती ८० टक्क्यांचं लक्ष्य गाठते असं धरा. १२ किंवा कमी असतील तर नाही. खरोखर ८० टक्के असलेली वस्ती या चाळणीत नापास होण्याची, किंवा खरोखर ५० टक्के असलेली पास होण्याची शक्यता दहात एकाहून कमी आहे. ही फक्त पास-नापासची चाळणी आहे. १९ पैकी १३ म्हणजे ६८ टक्के, असा आकडा करून बातमीला देऊ नका.

कारण विचारताना ‘का नाही दिली लस?’ असं विचारलं की समोरची बाई आरोपीसारखी गप्प होते. ‘मागच्या खेपेला सुई कुठे लागली होती? त्यानंतर काय झालं?’ असं विचारा. मग ती सांगते. “ताप आला होता न जी पोराला, रातभर रडला. ह्यांनी म्हटलं, आता नाई न्यायचं.” किंवा, “गेली होती, तर म्हणे आज शिशी नाही फोडत, पुढच्या मंगळवारी ये. मंगळवारी माझा रोज बुडते.” या दुसऱ्या उत्तरासाठी पुढची पायरी.

पायरी ७ : कारणाप्रमाणे उपाय

एमआर आणि बीसीजीच्या कुपीत एकाहून जास्त डोस असतात, आणि ती एकदा कालवली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. एकच बाळ आलं तर कुपी फोडायला हात मागेपुढे होतो. वाया गेलेल्या डोसांचा जाब विचारला जाईल अशी भीती असते. खरं तर एका बाळासाठीही कुपी फोडायची असते. पेंटासारख्या कुपीचं तसं नाही. नीट शीतसाखळीत, २ ते ८ अंशांत ठेवली तर उघडल्यावर २८ दिवस चालते. तुमच्या आकड्यांत एखाद्या ठिकाणी पेंटा दर सत्राला लागतेय आणि एमआर महिन्यातून एकदाच, असं दिसलं तर कारण आयांच्या मनात नाही, कुपीत आहे. हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना शांतपणे, तारखांसह दाखवा.

‘रोज बुडतो’ हे कारण जास्त घरांत निघालं तर सत्र संध्याकाळी किंवा रविवारी मागा. ठिय्यावर जाणारी बाई सकाळी आठला घर सोडते. अकरा वाजताच्या अंगणवाडीतलं सत्र तिच्यासाठी नसतंच.

तापाची भीती असेल तर पहिल्या सुईच्या वेळीच दोन वाक्यं बोलली गेली पाहिजेत : आज रात्री ताप येऊ शकतो, आणि आला तर काय करायचं. बाई ताप सोसते, पण तापाबद्दल कुणी आधी सांगितलं नव्हतं हे विसरत नाही.

वीटभट्ट्यांचं वेगळं. दिवाळीनंतर कुटुंबं येतात आणि पाऊस लागायच्या आत परत जातात. काटोल-नरखेडच्या संत्राबागांत तोडणीच्या हंगामात असंच. यांची यादी आशाताईकडे नसते, मुकादमाकडे असते. आल्याबरोबर महिनाभरात एक फिरतं सत्र आणि जायच्या आधी एक, अशी दोन सत्रं मायक्रोप्लॅनमध्ये आधीच लिहून घ्या. जाताना कार्डाचा फोटो आईच्या किंवा बापाच्या मोबाईलमध्ये राहू द्या. कार्ड भट्टीवरच राहतं, मोबाईल नाही.

उशीर झालेल्या बाळाला परत पाठवणं हा सगळ्यात वाईट प्रकार. राहिलेले डोस पुढे सुरू करायचे असतात, पहिल्यापासून मोजायचे नसतात. बीसीजी एक वर्षापर्यंत देता येते, एमआर पाच वर्षांपर्यंत, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात या तिघांवरची लस) सात वर्षांपर्यंत. वय पाहून काय द्यायचं ते सिस्टर ठरवतील. तुम्ही फक्त बाळ दारापर्यंत आणा.

पायरी ८ : एक पान, एक मागणी

वीस पानी अहवाल कुणी वाचत नाही. एक पान करा. वर वस्तीचा नकाशा, मधे चार कप्पे, खाली मागणी. ‘लसीकरण वाढवावे’ ही मागणी नव्हे. ‘क वस्तीत महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठ ते अकरा समाजभवनात सत्र लावावे, आणि फाटकापलीकडची ४० घरं अमुक आशाला जोडावीत’ ही मागणी. शहराच्या लसीकरण टास्क फोर्सचे अध्यक्ष महापालिका आयुक्त असतात, जिल्ह्याच्या टास्क फोर्सचे जिल्हाधिकारी. शिवेवरच्या पट्ट्याचा प्रश्न असेल तर तो दोन्हीकडे न्यावा लागतो, नाहीतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. त्याआधी ते पान केंद्राच्या डॉक्टर मॅडमना आणि सिस्टरला दाखवा. बैठकीत त्यांना ते पहिल्यांदा दिसलं तर तुमचं काम त्या दिवशीच संपलं.

आणि हे पान व्हॉट्सॲपवर फिरवू नका. कोणत्या गल्लीत, कोणत्या समाजाच्या घरांत लस राहिली हे गावभर झालं की तिथे दुसऱ्या दिवसापासून कुणी दार उघडत नाही. बाळाचं नाव, आईचा मोबाईल नंबर आशाताई आणि सिस्टरकडेच राहू द्या. तुमच्या शीटमध्ये फक्त घराचा नंबर आणि बाळाचं वय महिन्यांत.

पायरी ९ : तीन महिन्यांनी परत

तेच दोन भागाकार, तीच १९ घरांची चाळणी, चिठ्ठ्या नव्या. एका गोष्टीची तयारी मात्र सगळ्यांकडून आधीच करून घ्या : काम चांगलं झालं तर टक्का आधी खाली येईल. ७० च्या छेदावर ७० डोस म्हणजे शंभर टक्के होते. तुम्ही मोजून छेद १२० केला, डोस ९० वर नेले, तरी कागदावर ७५ टक्के. वीस बाळं जास्त झाली आणि केंद्राचा नंबर झोनमध्ये खाली घसरला. ज्या डॉक्टरांना हे आधी सांगितलं नव्हतं, त्यांनी पुढच्या मोजणीला जुनाच छेद वापरायला लावला, हे मी पाहिलंय. म्हणून शीटमध्ये दोन रकाने ठेवा, जुना छेद आणि नवा छेद, दोन्हीवर तारीख. टक्क्याशेजारी झिरो डोस बाळांची नुसती संख्याही लिहा. ती खाली येत असेल तर टक्क्याचं काय करायचं ते बैठकीत बघता येतं.

आमच्या पहिल्या मोजणीनंतर आशाताईच्या यादीत सतरा नावं नवी चढली. तिने यादी दोनदा वाचली, पेन कानावर अडकवला आणि म्हणाली, “लांबली न दादा यादी. काम वाढवून ठेवलं तुमी.” आणि पुढच्या सत्राच्या आदल्या संध्याकाळी फोन करून विचारलं, फाटकापलीकडच्या त्या निळ्या ताडपत्रीचा नंबर काय टाकला होता.